यिर्मया २९:११ शिकवायचे तर सत्तर वर्षांसकट शिकवा

मोहरीचा दाणा

सर्वांना जय ख्रिस्त.

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वचनाची कार्डे वाटली जातात आणि त्या गठ्ठ्यात यिर्मया २९:११ हमखास असते. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असा त्याचा आशय. तीच ओवी लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या उद्घाटनाला, दहावीच्या निकालाआधी येते. ओवी खरीच आहे. पण तिच्या लगेच आधीची दहावी ओवी कार्डावर नसते, आणि देवाचा विश्वासूपणा समजायला तीच लागते. बाबेलची सत्तर वर्षे भरल्यावर मी तुमच्याकडे लक्ष देईन, असे तिथे सांगितले आहे.

अभ्यासवर्ग, तरुण संघ किंवा महिला मंडळात हा अध्याय घेणाऱ्यांसाठी पार्श्वभूमी मांडतो. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतले. अठरा वर्षांचा राजा यहोयाखीन, त्याची आई, सरदार, कारागीर आणि लोहार यांना त्याने बाबेलला नेले. २ राजे २४ मध्ये एकूण दहा हजारांचा आकडा आहे. मंदिर अजून उभे होते, गादीवर सिद्कीया बसला होता, म्हणून नेलेल्यांना वाटत होते की आपण लवकरच परतणार. त्या लोकांना यिर्मयाने यरुशलेमेहून पत्र धाडले. ते नेणारे एलासा आणि गमऱ्या ही सिद्कीयाने नबुखद्नेस्सराकडे पाठवलेली माणसे होती. अध्याय २९ म्हणजे ते पत्र.

पत्राची सुरुवात आज्ञांनी होते. घरे बांधा, मळे लावा, लग्ने करा, मुलांची लग्ने लावून द्या, ज्या नगरात नेले त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा. मग सत्तर वर्षे. त्यानंतर अकरावी ओवी. हा हिशेब फळ्यावर लिहून दाखवा: ५९७ मध्ये तीस वर्षांचा असलेला लोहार पारसी राजा कोरेशाच्या परतीच्या हुकमाच्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ५३८ मध्ये, जगला वाचला असता तर एकोणनव्वद वर्षांचा झाला असता. पत्र ज्यांना वाचून दाखवले त्यांतल्या बहुतेक प्रौढांना बाबेलमध्येच माती मिळाली. अभिवचन त्यांना मिळाले, परतले त्यांची मुले-नातवंडे. हे वर्गाला पचायला जड जाते, पण मजकूर हेच सांगतो.

सव्वा तासाचा वर्ग धरा. पहिली दहा मिनिटे २ राजे २४:१०-१७. पुढची दहा मिनिटे यिर्मया २९:१-१४, एकाच्याच आवाजात, मध्ये स्पष्टीकरण न देता. मग वहीत पाच प्रश्न: हे कोणाला सांगितले, कोणत्या प्रसंगी, अट आहे का, ते कधी आणि कसे पुरे झाले, आणि ख्रिस्तामध्ये त्याचे पुढे काय झाले. पाचव्या प्रश्नासाठी निदान वीस मिनिटे राखून ठेवा. वर्ग बहुधा चौथ्यापाशी संपतो आणि लोक नुसता इतिहास घेऊन घरी जातात.

भर घाला, चुकले असेल तिथे सांगा.

जुनी वही

सत्तर वर्षे मोजायची कुठून, हा प्रश्न कोणीतरी विचारतोच, म्हणून उत्तर तयार ठेवावे. तीन मोजण्या प्रचलित आहेत.

इ.स.पू. ६०५ मध्ये नबुखद्नेस्सर प्रबळ झाला. सत्तर वर्षांचा पहिला उल्लेख असलेला यिर्मया २५ त्याच वर्षीचा, यहोयाखीनाचा बाप यहोयाकीम याच्या चौथ्या वर्षाचा. तिथून ५३८ पर्यंत सदुसष्ट वर्षे होतात. दुसरी मोजणी मंदिराची: ५८६ मध्ये जळले, आणि एज्रा ६:१५ प्रमाणे दारयावेशाच्या सहाव्या वर्षी, म्हणजे ५१५ मध्ये, पुन्हा पूर्ण झाले. ही एकाहत्तरच्या आसपास जाते. तिसरी बाबेलच्या सत्तेची: ६०९ मध्ये अश्शूरचा शेवटचा आधार गेला आणि ५३९ च्या ऑक्टोबरात बाबेल कोरेशाच्या हाती पडले. ही नेमकी सत्तर.

मला तिसरी जास्त पटते. २९:१० मध्ये वर्षे बाबेलसाठी ठरवलेली आहेत, बंदिवानांच्या मुक्कामासाठी नव्हेत. पण वर्गात यावर पाच मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका. दानीएल ९:२ मध्ये दानीएल हा आकडा वाचतो आणि लगेच गोणपाट व राख घेऊन प्रार्थनेला बसतो. अभिवचनाची मुदत जवळ आली हे कळल्यावर तो निवांत झाला नाही, पापकबुली करू लागला. वर्गाचा वेळ तिथे द्या.

बाहेरचा पुरावा विचारणाऱ्यांसाठी: यरुशलेम घेतल्याची ५९७ ची नोंद बाबेलच्या राजबखरीच्या मातीच्या पाटीवर आहे, ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. बाबेलच्या उत्खननात सापडलेल्या शिधावाटपाच्या पाट्यांवर यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याचे पाच मुलगे यांना दिलेल्या तेलाची नोंद आहे. कोरेशाचा मातीचा दंडगोल १८७९ मध्ये सापडला. त्यात देवळे पुन्हा उभारून लोकांना आपापल्या ठिकाणी परत पाठवल्याचे म्हटले आहे, पण यहूदी किंवा यरुशलेम यांचे नाव नाही. उपदेशात काही जण त्यात यरुशलेमचा उल्लेख आहे असे ठोकून देतात. तसे करू नये. देवाच्या सत्यतेला आपल्या अतिशयोक्तीचा टेकू लागत नाही.

सायंघंटा

या अध्यायाआधी अध्याय २८ वाचलाच पाहिजे, मोहरीदादा. नाहीतर यिर्मया कोणाला उत्तर देतो आहे हे कळत नाही.

गिबोनचा संदेष्टा हनन्या मंदिरात उभा राहून सांगतो की दोन वर्षांच्या आत बाबेलला नेलेली मंदिराची पात्रे परत येतील, यहोयाखीन परत येईल, बंदिवान परत येतील. बाबेलच्या ताब्याची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेले लाकडी जू काढून तो सर्वांसमोर मोडतो. बोलण्याची सुरुवात तो परमेश्वराच्याच नावाने करतो. ऐकणाऱ्याला दोघांच्या भाषेत फरक दिसणार नाही. फरक मुदतीत आहे आणि पश्चात्तापात आहे. हनन्याच्या संदेशात लोकांनी काहीच बदलायचे नाही, फक्त वाट बघायची. तो पाचव्या महिन्यात बोलला आणि सातव्या महिन्यात मेला.

अध्याय २९ च्या शेवटी शमाया बाबेलहून यरुशलेमच्या याजकाला पत्र लिहितो. त्याची तक्रार एकच: यिर्मया म्हणतो की हे लांबणार, मग त्याला खोड्यात का घालत नाही? लोकांना राग आला तो लांबण्याचा.

आजच्या मंडळीत गाडी घसरते ती इथेच. व्यासपीठावरून कोणी तीन महिन्यांत व्हिसा, या वर्षी मूल, असे देवाच्या नावाने सांगतो. तसे झाले नाही की ऐकणारी बाई स्वतःला विश्वासात कमी समजते, सांगणारा पुढच्या सभेला जातो. देवाने ते अभिवचन दिलेच नव्हते, तरी मोडल्याचा ठपका देवावर किंवा तिच्यावर येतो. अनुवाद १८:२१-२२ मध्ये यासाठी कसोटी आहे. ती शिकवायला पाळकांनी संकोच करू नये.

रानफूल

मग कार्डे वाटणे बंद करावे का? वृद्ध सभासद वर्षभर ते कार्ड पवित्र शास्त्रात जपून ठेवतात. त्यांच्याकडून ते काढून घेणे बरे वाटत नाही.

मोहरीचा दाणा

बंद करायची गरज नाही, रानफूलताई. कार्डाच्या मागच्या बाजूला अध्यायाचा संदर्भ आणि एक ओळ छापा: आधीच्या आणि नंतरच्या दहा ओव्या वाचा. जानेवारीच्या पहिल्या कुटुंबप्रार्थनेत प्रत्येकाने आपल्या कार्डाचा पूर्ण अध्याय वाचायचा, असे ठरवता येते.

कार्डांची निवड मात्र पाळकांनी किंवा वडीलजनांनी पाहावी. बाजारातल्या तयार संचात नीतिसूत्रेही अभिवचने म्हणून घातलेली असतात. नीतिसूत्रे २२:६ मुलाला लहानपणी वळण लावण्याविषयी आहे. ते शहाणपणाचे वचन आहे, हमीपत्र नव्हे. ज्यांची मुले विश्वास सोडून गेली त्या आईबापांच्या हातात ते कार्ड हमी म्हणून ठेवणे क्रूर ठरते. स्तोत्र ९१ देताना मत्तय ४ आठवावे. सैतानाने मंदिराच्या शिखरावर येशूपुढे तेच स्तोत्र धरले, आणि येशूने अनुवाद ६:१६ ने उत्तर दिले: देवाची परीक्षा पाहू नको.

तराजू

यिर्मया ३२ कोणी काढले नाही, म्हणून मी लिहितो. देवाच्या अभिवचनावर विसंबणे व्यवहारात कसे दिसते, हे पवित्र शास्त्रात याहून तपशिलाने फार थोड्या ठिकाणी आले आहे.

सिद्कीयाचे दहावे वर्ष. बाबेलच्या फौजेने यरुशलेमला वेढा घातलेला. यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. अशात चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथचे माझे शेत विकत घे, सोडवण्याचा (नातलगाची जमीन घराण्यात राखण्याचा) हक्क तुझा आहे. अनाथोथ यरुशलेमच्या ईशान्येला, चालत तास-दीड तासाचे अंतर, आणि तो मुलूख शत्रूच्या ताब्यात. त्या जमिनीची त्या दिवशीची किंमत शून्य.

यिर्मया सतरा शेकेल रुपे तोलून देतो. शेकेल साधारण अकरा ग्रॅमचा धरला तर हे सुमारे एकशे नव्वद ग्रॅम चांदी. खरेदीखत लिहितो, सही करतो, मोहर लावतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो. खताच्या दोन प्रती: एक मोहरबंद, एक उघडी. उघडी वाचण्यासाठी, मोहरबंद वाद झाला तर फोडून ताडून पाहण्यासाठी. मग आपला लेखनिक बरुख याला सांगतो की दोन्ही मातीच्या भांड्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. कोरड्या जागी मातीच्या भांड्यात लेख खरोखर टिकतात, मृत समुद्राच्या गुंडाळ्या आपण पाहतोच. यहूदियाच्या वाळवंटातल्या गुहांत रोमी काळातली अशी दुहेरी खतेही सापडली आहेत.

कारण देव सांगतो: या देशात घरे, शेते आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील.

दोन गोष्टी शिकवताना सुटतात. एक, यिर्मयाने खत कायदेशीर पूर्ण केले, रीतीप्रमाणे, एकही पायरी न गाळता. ज्याचा देवाच्या शब्दावर भरवसा आहे तो कागद नीट करतो. दुसरी, व्यवहार झाल्यावर तो गोंधळून प्रार्थना करतो (३२:१६-२५). नगर खास्द्यांच्या (बाबेलच्या लोकांच्या) हाती गेलेच आहे आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस, असे तो देवाला म्हणतो. आज्ञा पाळून झाल्यावर विचारलेला प्रश्न देवाने झिडकारला नाही.

आता एज्रा २:२३ पाहा. परतलेल्यांच्या यादीत अनाथोथची माणसे १२८. कंटाळवाणी म्हणून आपण ती यादी ओलांडतो, पण यिर्मयाच्या खताचे उत्तर तिच्यात आहे.

किनारा

वसईकडून लिहितो. आमच्या कॅथलिक उपासनेत हे अभिवचन रोज तोंडी असते, फक्त लक्ष जात नाही. सकाळच्या प्रहरप्रार्थनेत जखऱ्याचे गीत (लूक १:६८-७९) आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत मरियेचे गीत (लूक १:४६-५५) म्हणतात. दोन्हींत अब्राहामाचे नाव आहे. त्याला वाहिलेली शपथ देवाने स्मरली, असा दोन्हींचा सूर. ईस्टरच्या जागरणात जुन्या करारातली सात वाचने असतात, त्यांत उत्पत्ती २२ आहे, जिथे देव स्वतःची शपथ वाहतो. इब्री ६:१३-१८ त्याच शपथेवर उभे आहे: देवाहून मोठा कोणी नाही, म्हणून त्याने आपलीच शपथ घेतली.

अब्राहामाचे आकडे एका ओळीत ठेवले की मुलांनाही कळतात. हारान सोडले तेव्हा ७५. इश्माएल झाला तेव्हा ८६. इसहाक झाला तेव्हा १००. मृत्यू १७५. देशाचे अभिवचन मिळूनही त्याच्या मालकीची झाली ती सारेच्या कबरीसाठी ४०० शेकेल देऊन घेतलेली मकपेलाची गुहा आणि तिचे शेत. पंचाहत्तर ते शंभरच्या मध्ये हागारेचा प्रसंग येतो, म्हणजे देवाला मदत करायची घाई. त्या घाईचा त्रास हागारेला आणि तिच्या मुलाला भोगावा लागला, हे शिकवताना गाळू नये. रानात हागारेचे दुःख ऐकणारा देवच आहे, आणि इश्माएलाविषयी दिलेला शब्दही त्याने पाळला (उत्पत्ती २५:१२-१८).

रानफूल

अटीचा मुद्दा अजून स्पष्ट होत नाही. यिर्मया १८:७-१० मध्ये देव म्हणतो की राष्ट्र वळले तर मी ठरवलेले अनिष्ट करणार नाही, आणि ते बिघडले तर कबूल केलेले हित करणार नाही. मग शब्द कायम राहिला कसा?

जुनी वही

रानफूलताई, दोन प्रकारचे करार वेगळे ठेवले की गुंता सुटतो.

उत्पत्ती १५ घ्या. तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा एडका, एक होला, एक पारव्याचे पिल्लू. मोठी जनावरे मधोमध चिरून समोरासमोर ठेवलेली. यिर्मया ३४:१८-२० वरून या रीतीचा अर्थ कळतो: तुकड्यांमधून जाणारा म्हणतो की मी करार मोडला तर माझी गत या जनावरासारखी होवो. अब्राम गाढ झोपेत आहे. मधून जाते ती धुमसती शेगडी आणि जळती मशाल. देव एकटा जातो. अब्रामाला जायला सांगितलेले नाही.

सीनायचा करार वेगळा. तिथे लोक म्हणतात की आम्ही सर्व करू, आणि अनुवाद २८ मध्ये आशीर्वाद व शाप दोन्ही लिहून दिलेले आहेत. त्या अध्यायाच्या ६४ व्या ओवीत राष्ट्रांमध्ये विखुरले जाण्याचा इशारा आहे. म्हणून बंदिवास हाही देवाने शब्द पाळल्याचाच भाग, आणि दानीएल ९:११-१२ हेच कबूल करतो. आपण विश्वासूपणा म्हणजे फक्त गोड फळ समजतो, पण इशारा खरा करणारा देवही तोच विश्वासू देव आहे. लेवीय २६:४४-४५ मात्र पुढे सांगते की शत्रूंच्या देशातही मी त्यांना टाकणार नाही, कारण पूर्वजांशी केलेला करार आठवेन. सीनायच्या कराराखाली शिक्षा होते, अब्राहामाच्या करारामुळे नाश होत नाही. गलती ३:१७ चा युक्तिवाद हाच: ४३० वर्षांनी आलेले नियमशास्त्र आधीचे अभिवचन रद्द करू शकत नाही. यिर्मया १८ दुसऱ्या, म्हणजे अट असलेल्या प्रकारच्या इशाऱ्यांना लावा. योनाचा इशारा ऐकून वळलेले निनवे हे त्याचे उदाहरण.

सायंघंटा

दावीदाचे अभिवचन इथे जोडावे, कारण सगळ्यांत मोठी अडचण तिथे आहे. २ शमुवेल ७ मध्ये गादी सर्वकाळची. ५८६ मध्ये गादी गेली. स्तोत्र ८९ आधी सदतीस ओव्या देवाच्या विश्वासूपणाचे स्तवन करते आणि अडतिसाव्या ओवीपासून सरळ तक्रार करते: तू करार झिडकारलास. पवित्र शास्त्राने ही तक्रार उपासनेच्या पुस्तकात ठेवली आहे. वर्गात स्तोत्र ८९ पूर्ण वाचा, सदतीसवर थांबू नका. विलापगीत ३:२२-२३ सुद्धा जळालेल्या नगरात लिहिलेले आहे. सकाळच्या उपासनेत ते गाताना आधीच्या वीस ओव्यांची आठवण असावी.

उलगडा हळूहळू येतो. यिर्मया २२:२४-३० मध्ये यहोयाखीनाला उपटून टाकलेल्या मुद्रेच्या अंगठीची उपमा आहे, आणि त्याच्या संतानातला कोणी गादीवर बसणार नाही असे सांगितले आहे. हाग्गय २:२३ मध्ये त्याचाच नातू जरुब्बाबेल याला देव म्हणतो की मी तुला मुद्रेसारखा करीन. मत्तय १:१२ च्या वंशावळीत दोघेही आहेत. तोडलेल्या फांदीतून वंश पुढे नेला, राजा म्हणून न बसवता.

तराजू

इथे मी थोडा वेगळा पडतो. ५३८ चे परतणे हीच पूर्ती, असे सांगून धडा संपवला तर मुले फसतात. एज्रा २:६४-६५ प्रमाणे परतले ४२,३६० आणि शिवाय ७,३३७ दासदासी. पाया घातला तेव्हा जुने मंदिर पाहिलेले वृद्ध मोठ्याने रडले (एज्रा ३:१२). काम बंद पडले आणि ५२० मध्ये हाग्गय व जखऱ्या यांनी उठवल्यावर सुरू झाले. नहेम्या ९:३६ मध्ये परतलेलेच म्हणतात की पाहा, आम्ही आज दास आहोत. पूर्ती झाली, आणि पुरती झाली नाही, अशी दोन्ही वाक्ये खरी आहेत. २ करिंथ १:२० मुळे पाचवा प्रश्न सुटतो: देवाची जेवढी अभिवचने आहेत तेवढ्यांचे होय ख्रिस्तामध्ये आहे. यिर्मया ३१:३१ चा नवा करार याच पुस्तकात आहे, आणि येशूने शेवटच्या भोजनाचा प्याला देताना त्याच कराराचे नाव घेतले. प्रभुभोजनाच्या आठवड्यात हा अभ्यास घेतला तर तो जोड आपोआप बसतो.

किनारा

तराजूदादांशी सहमत. रोम ११:२९ मुळे इस्राएलाविषयीचे पाचारणही रद्द झालेले नाही, हेही सांगावे. नाहीतर आम्ही आता त्यांच्या जागी आलो, असा गर्व मंडळीत शिरतो. पौल त्याच अध्यायात कलम केलेल्या फांदीला, म्हणजे यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांना, बढाई मारू नको म्हणतो.

गव्हाचे कणीस

धागा पूर्ण वाचला. एक व्यावहारिक प्रश्न. दवाखान्यात भेटीला जाणाऱ्या गटाने काय वाचावे? कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसापुढे २९:११ वाचले की नातेवाईक त्याचा अर्थ बरे होणार असाच घेतात.

सायंघंटा

तिथे २९:११ टाळा. त्याचा खरा अर्थ समजवायला लागणारा वेळ खाटेपाशी नसतो.

वाचायची ती विश्वासणाऱ्याला थेट दिलेली, मरणाने न मोडणारी अभिवचने: योहान ६:३७, योहान १४:१-३, रोम ८:३८-३९. स्तोत्र २३ आजाऱ्याला पाठ असते, त्याला सोबत म्हणू द्या. बरे होण्यासाठी प्रार्थना जरूर करा, याकोब ५:१४ मध्ये वडीलजनांना बोलावून तेल लावण्याची आज्ञाच आहे. पण देव बरे करणारच असे देवाच्या वतीने जाहीर करू नका. पौलाने तीनदा विनंती करूनही त्याच्या शरीरातला काटा राहिला (२ करिंथ १२:७-९). आपला सोबती त्रफिम याला त्याने मिलेतात आजारी ठेवूनच पुढचा प्रवास केला (२ तीमथ्य ४:२०). १ करिंथ १०:१३ मध्ये देव विश्वासू आहे म्हणून तो सहन करण्याची वाट देतो, परीक्षा लगेच उठवतो असे तिथे नाही.

आजारी माणसाने विचारले की देवाने मला सोडले का, तर लगेच ओवी शोधू नका. आधी ऐका. मग स्तोत्र ८८ वाचता येते. ते शेवटपर्यंत अंधारातच आहे, तरी पहिल्याच ओळीत देवाला माझ्या तारणाचा देव म्हणते. भेट दहा-पंधरा मिनिटांची ठेवा, दोनपेक्षा जास्त उतारे नकोत, आणि कुटुंबाला संदर्भ कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या.

मोहरीचा दाणा

कणीसदादा, घरच्यांसाठी एक भर. मृत्यूनंतरच्या पहिल्या भेटीत इब्री ११:१३-१६ आणि ११:३९-४० वाचा. अब्राहाम, सारा आणि बाकीचे अभिवचनांचे फळ हाती न येता विश्वासात मेले, आणि देवाने त्यांच्यासाठी नगर तयार केले, असे तिथे लिहिले आहे. २९:११ त्या घरात पुढे कधीतरी, अध्याय पूर्ण वाचायला वेळ असेल तेव्हा घ्या. तोवर ५-७ ओव्यांतली आज्ञा पुरे: घर चालवा, मुलांकडे बघा, गावासाठी प्रार्थना करा.